पूर-जोखमीचे व्यवस्थापन आणि निर्णयसाधने : जबलपूरच्या नर्मदाकाठाचा अभ्यास

प्रस्तावना

पूर ही नैसर्गिक घटना आहे. पुरामुळे होणारी हानी मात्र बऱ्याच अंशी मानवी निर्णयांवर अवलंबून असते. नदीकाठची मोटार केव्हा हलवावी, पक्वतेला आलेला उडीद आज काढावा की आणखी चार दिवस थांबावे, गोठ्यातील जनावरे कोणत्या वेळी उंचावर न्यावीत, धरणाचे दरवाजे आज किती उघडावेत, हे सर्व निर्णय अपुऱ्या माहितीवर आणि थोड्या वेळात घ्यावे लागतात. असे निर्णय विचारपूर्वक, आकड्यांच्या आधारे आणि शक्यतो आधीच घेता यावेत म्हणून ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांना ‘निर्णयसाधने’ म्हणता येईल. साध्या पूरमापक पट्टीपासून संगणकीय प्रतिमानापर्यंत अनेक गोष्टींचा त्यांत समावेश होतो.

पावसाचे आणि पुराचे अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. तरीही अंदाज हाती असताना नुकसान होते, असा अनुभव वारंवार येतो. कारण ‘उद्या पाणी वाढेल’ ही माहिती झाली. ‘म्हणून आज रात्री मोटार काढायची’ हा निर्णय झाला. या दोहोंना जोडणारा दुवा बहुधा तयार नसतो. तो कसा तयार करावा, हे नर्मदेच्या जबलपूर परिसराच्या उदाहरणातून समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे. कृष्णा, पंचगंगा, गोदावरी किंवा वैनगंगेच्या काठावरील शेतकरी बांधवांना आणि कृषी विस्तार कार्यकर्त्यांनाही यातील पद्धती थोड्या फेरफाराने वापरता येतील.

प्रदेशाची ओळख

अमरकंटक येथे उगम पावून 1,312 किलोमीटरचा प्रवास करत नर्मदा खंबातच्या आखातास मिळते. बुढनेर आणि बंजर या उपनद्यांचे पाणी घेऊन ती मंडल्याहून पुढे जबलपूरकडे येते. जबलपूर शहराच्या वरच्या बाजूस नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याच्या जलाशयाचे अधिकृत नाव राणी अवंतीबाई लोधी सागर असे आहे. धरणाचे पाणलोट क्षेत्र 14,556 चौरस किलोमीटर असून सांडव्यास 21 दरवाजे आहेत. पूर्ण संचय पातळी 422.76 मीटर, तर उपयुक्त साठा सुमारे 318 कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे 112 टीएमसी आहे. कोयनेचा एकूण साठा 105.25 टीएमसी आहे, हे लक्षात घेतल्यास बरगीच्या आकारमानाची कल्पना येईल. या जलाशयाखाली सुमारे 26,800 हेक्टर क्षेत्र आले आणि 162 गावे बाधित झाली.

धरणाच्या खाली जबलपूरजवळ गौर नदी नर्मदेस मिळते. पुढे ग्वारीघाट, तिलवारा घाट आणि भेडाघाट ओलांडल्यावर हिरन, शेर, शक्कर अशा उपनद्या येतात. नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, या शहराच्या किंचित वर सातपुड्यातून येणारी तवा नदी मिळते. तिच्यावरही मोठे धरण आहे. त्यामुळे नर्मदापुरमच्या सेठानी घाटावर पाणी किती चढेल, हे बरगी, तवा आणि बारना या तीन धरणांतील विसर्ग आणि मधल्या उपनद्यांचे पाणी कोणत्या वेळी एकत्र येते यावर ठरते. बरगीच्या पाण्याला तेथवर पोचण्यास एका दिवसाहून अधिक काळ लागतो. तव्याचे पाणी काही तासांतच पोचते. म्हणजे काल बरगीतून सोडलेले पाणी आणि आज तव्यातून सोडलेले पाणी यांची गाठ एकाच घाटावर पडू शकते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नर्मदेने या भागात धोक्याची पातळी ओलांडली आणि बचावकार्यासाठी हेलिकॉप्टरचा वापर करावा लागला.

पहिले साधन : पातळीचा आकडा

पुराचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे पूरमापक पट्टी. सेठानी घाटावर 964 फूट ही इशारा पातळी आणि 967 फूट ही धोका पातळी मानली जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे अनुक्रमे 40 आणि 45 फूट, तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43 फूट आहेत. कोणत्या फुटाला कोणत्या वस्तीत पाणी शिरते, हे नदीकाठच्या सांगलीकरांना पाठ असते. हे पाठांतर म्हणजेच एक निर्णयसाधन होय. कारण त्यात आकडा आणि कृती यांची जोडी जमलेली असते.

पातळी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती त्या जागेपुरतीच खरी असते. भेडाघाटचे उदाहरण बोलके आहे. तेथे धुआंधारचा प्रपात कोसळतो आणि पुढे संगमरवरी खडकांच्या अरुंद घळीतून नदी वाहते. मोठ्या पुरात घळीतून पाणी वेगाने निघू शकत नाही, खालची पातळी चढत जाते आणि प्रपात पाण्याखाली दिसेनासा होतो. एकाच विसर्गाने रुंद पात्रात पाणी थोडे चढेल, अरुंद पात्रात पुष्कळ चढेल. म्हणून दुसऱ्या गावच्या पुलावरील फूट आपल्या शिवारास जसेच्या तसे लावू नयेत. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही पावसाळे शेजारी शेजारी ठेवून त्यांचे नाते शोधावे. वरच्या केंद्रावरील पातळीवरून खालच्या केंद्रावरील पातळी आणि वेळ ताडण्याची हीच पद्धत पूर-अंदाजात प्रदीर्घ काळ वापरली गेली आहे. केंद्रीय जल आयोगाने 1958 मध्ये दिल्ली येथे यमुनेवर पूर-अंदाजाचे काम सुरू केले. आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ हे मोबाइल अ‍ॅप ऑगस्ट 2023 पासून उपलब्ध असून केंद्रनिहाय पातळी त्यावर पाहता येते.

उपनद्यांच्या काठावरील गावांनी ‘फुगवट्या’चा वेगळा विचार करावा. मुख्य नदी तुडुंब असताना उपनदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. अशा वेळी स्वतःच्या शिवारात फारसा पाऊस नसतानाही ओढ्यानाल्यांवाटे पाणी शेतात शिरते. गौर किंवा हिरनच्या काठावरील शेतकऱ्यास म्हणून दोन आकडे पाहावे लागतात : आपल्या नदीचा आणि नर्मदेचा.

दुसरे साधन : जलाशयाचा नियमवक्र

धरणाच्या दरवाजांविषयी काठावरच्या गावांत दोन परस्परविरोधी तक्रारी ऐकू येतात. पूर आला की ‘आधीच पाणी का सोडले नाही?’ आणि पाऊस लवकर गेला की ‘पाणी का वाया घालवले?’ दोन्ही तक्रारी करणारे शेतकरीच असतात. पहिल्याचे सोयाबीन किंवा भात धरणाच्या खाली काठावर उभे असते. दुसऱ्याचा गहू, हरभरा आणि वाटाणा रब्बीत कालव्याच्या पाण्यावर यायचा असतो. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे, हे येथे आठवावे. तेव्हा धरणातील रिकामी जागा ही एकाची सुरक्षितता असते आणि दुसऱ्याची संभाव्य तूट असते. निर्णयसाधनाची खरी कसोटी येथे लागते.

साध्या अंकगणिताने हा पेच स्पष्ट होतो. समजा, बरगीच्या संपूर्ण पाणलोटात सरासरी 100 मिलिमीटर पाऊस झाला. जमीन आधीच भिजलेली असल्याने त्यातील निम्मे पाणी नदीत आले, असे धरू.

1. 14,556 चौरस किलोमीटर क्षेत्रावर 100 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 145.6 कोटी घनमीटर. त्याचे निम्मे 72.8 कोटी घनमीटर.
2. जलाशय भरत आला असताना त्याचे क्षेत्र सुमारे 26,800 हेक्टर धरल्यास एक मीटर उंचीत जवळपास 26.8 कोटी घनमीटर पाणी मावते.
3. म्हणजे हा एक पाऊस पोटात घेण्यासाठी जलाशय सुमारे 2.7 मीटर रिकामा हवा.
4. येणाऱ्या पाण्यापेक्षा सेकंदाला 2,000 घनमीटर, म्हणजे सुमारे 70,600 क्युसेक, जादा विसर्ग केला, तर एवढी जागा होण्यास 3 लाख 64 हजार सेकंद, म्हणजे सव्वाचार दिवस लागतील.
5. उलट, विसर्गापेक्षा येवा सेकंदाला 5,000 घनमीटरने अधिक असेल, तर एक मीटर जागा सुमारे 15 तासांत भरून जाईल.

पातळी खाली जाते तसे जलाशयाचे क्षेत्रही घटते. त्यामुळे प्रत्यक्षात मीटरमागे थोडे कमीच पाणी मावेल. हे आकडे शिकण्यासाठी आहेत, दरवाजे चालवण्यासाठी नव्हेत. पण त्यांतून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : जागा करण्यास चार दिवस लागतात, भरण्यास काही तास पुरतात. म्हणून जागा करण्याचा निर्णय पहिला थेंब पडण्याच्या चार दिवस आधी घ्यावा लागतो. चार दिवसांपुढील पावसाचा अंदाज मात्र नेमका कोणत्या पाणलोटात किती पडेल हे खात्रीने सांगू शकत नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे नियमवक्र. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेस जलाशयाची पातळी कोठवर असू द्यावी, हे अनेक वर्षांच्या पर्जन्य आणि येव्याच्या नोंदींवरून आधीच ठरवले जाते. महाराष्ट्रात यासाठी ‘जलाशय परिचालन सूची’ असा शब्द रूढ आहे. जुलैमध्ये रिकामी जागा ठेवणे स्वस्त असते. पुढे पाऊस यायचा असल्याने ती भरून निघण्याची शक्यता मोठी असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तीच जागा महाग पडते. कारण पाऊस परतला तर कालव्यांना पाणी अपुरे पडेल. म्हणून वक्र हळूहळू चढत जातो आणि पावसाळ्याच्या शेवटी पूर्ण संचय पातळीस टेकतो. सर्वांत अवघड काळ म्हणजे धरण भरत आलेले असते, पण मोठा पाऊस संपल्याची खात्री नसते ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधले आठवडे.

काठावरील शेतकऱ्याने हा वक्र समजून घेतला तर त्यास एक मोलाची खूण मिळते. त्या तारखेच्या ठरलेल्या पातळीपेक्षा धरण वर असेल आणि वरच्या भागात मोठ्या पावसाचा अंदाज असेल, तर विसर्ग वाढणे जवळपास अटळ आहे. औपचारिक इशाऱ्याच्या आधीच तयारी सुरू करण्यास एवढी माहिती पुरेशी असते.

तिसरे साधन : प्रतिमाने आणि पूररेषा

पाऊस किती पडला तर नदीत किती पाणी येईल, ते खाली सरकताना किती पसरेल आणि कोणत्या वेळी कोठे पोचेल, याचे गणित संगणकीय प्रतिमाने मांडतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात मस्किंगम नदीच्या अभ्यासातून निघालेली त्याच नावाची पद्धत आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. पुढे नदीपात्राचे छेद आणि भूपृष्ठाची उंची घेऊन पाण्याचा फैलाव दाखवणारी ‘हेक-रास’सारखी प्रतिमाने आली. ढगांतूनही जमीन पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांमुळे प्रत्यक्षात कोठवर पाणी पसरले हे पुराच्या दिवसांतही कळते. प्रतिमानाचे उत्तर बरोबर आहे की नाही, हे ताडण्यास त्याचा उपयोग होतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या अभ्यासाचे दृश्य फळ म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रात सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांमुळे मोठा गैरसमज होतो. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता 1 टक्का आहे. तीस वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. पंचवीस वर्षांच्या पुराच्या बाबतीत हीच शक्यता दहा वर्षांत सुमारे 34 टक्के आणि तीस वर्षांत सुमारे 71 टक्के असते.

यावरून दोन प्रकारचे निर्णय वेगळे करावेत. पीक दर हंगामी बदलता येते. तेथे थोडी जोखीम घेणे परवडते. घर, गोठा, पंपगृह किंवा धान्याचे कोठार एकदा बांधले की तीस-चाळीस वर्षे तेथेच राहते. म्हणून निळ्या रेषेच्या आत पीक घेणे आणि निळ्या रेषेच्या आत कोठार बांधणे या सारख्या गोष्टी नव्हेत. पीकनिवडीतही हाच विचार लागू होतो. ज्या सखल भागात पाणी काही दिवस साचते, तेथे तूर किंवा सोयाबीन तग धरत नाही. तेथे भात घ्यावयाचा असल्यास ‘स्वर्णा सब-1’सारख्या, सुमारे दोन आठवडे पाण्याखाली टिकू शकणाऱ्या वाणाचा विचार करता येतो.

चौथे साधन : खर्च आणि नुकसान यांचे गुणोत्तर

आता या पाठातील सर्वांत व्यवहारोपयोगी भागाकडे वळू. अंदाज शक्यतेच्या भाषेत मिळतो, उदाहरणार्थ ‘पाणी धोका पातळी ओलांडण्याची शक्यता 30 टक्के’. मग काय करावे? नियम सोपा आहे. खबरदारीचा खर्च भागिले त्या खबरदारीने टळणारे नुकसान, असे गुणोत्तर काढावे. पुराची शक्यता या गुणोत्तरापेक्षा अधिक असेल तर कृती करावी. कमी असेल तर थांबावे.

शिकण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ.

- काठावरील मोटार व स्टार्टर काढून वर नेण्यास 1,500 रुपये खर्च येतो. न नेल्यास 30,000 रुपयांचे नुकसान होते. गुणोत्तर 0.05. म्हणजे पुराची शक्यता 5 टक्क्यांहून अधिक असली तरी मोटार हलवणे शहाणपणाचे.
- उडीद पूर्ण वाळण्याआधी काढल्यास 12,000 रुपयांची घट येते; पुरात सापडल्यास 40,000 रुपयांचे पीक जाते. गुणोत्तर 0.30. शक्यता 30 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय कापणीची घाई करू नये.
- जनावरे उंचावरील वस्तीत नेण्याचा खर्च व त्रास 2,000 रुपयांचा धरला आणि दावणीला अडकल्यास 1,00,000 रुपयांची हानी, तर गुणोत्तर 0.02.

अंदाज एकच, पण निर्णय तीन. शक्यता 10 टक्के असेल तेव्हा जनावरे आणि मोटार हलवावी, उडीद उभा ठेवावा. आपल्याकडे बहुधा उलट घडते. इशारा खरा की खोटा एवढाच वाद होतो आणि सर्व गोष्टी एकाच वेळी कराव्यात किंवा एकही करू नये, असे ठरते. माणसांच्या जिवाच्या बाबतीत मात्र हे गणित मांडूच नये. तेथे शक्यता अल्प असली तरी स्थलांतर हाच निर्णय.

या नियमातून आणखी एक गोष्ट उलगडते. मोटारीच्या उदाहरणात वीस वेळा हलवून एकोणीस वेळा पूर आला नाही, तरी तोटा होत नाही. पण चौथ्या-पाचव्या खेपेसच ‘लांडगा आला रे’ची गोष्ट आठवते आणि सहाव्या वेळी कोणी हलत नाही. म्हणून इशारा देणाऱ्यांनी शक्यता लपवू नये आणि ऐकणाऱ्यांनी फुकट गेलेल्या खबरदारीस मूर्खपणा समजू नये. तो विम्याच्या हप्त्यासारखा खर्च आहे.

अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल, जसे बांध उंच करणे, पीक बदलणे किंवा पंपगृह हलवणे, तर खर्च, टळणारी हानी, मजुरांची उपलब्धता आणि शेजाऱ्यावर होणारा परिणाम अशा निकषांना आधी महत्त्वानुसार गुण द्यावेत आणि मग प्रत्येक पर्याय त्यांवर तोलावा. यास बहुनिकष विश्लेषण म्हणतात. शेजाऱ्यावरील परिणाम हा निकष वगळू नये. आपला बांध उंच केल्याने पाणी दुसऱ्याच्या शेतात लोटले जात असेल, तर गावाच्या हिशेबात हानी टळलेली नसते.

धाराजीचा धडा

साधने असूनही दुवा तुटल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण याच नर्मदेवर घडले आहे. 7 एप्रिल 2005 रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी हजारो भाविक नदीपात्रात जमले होते. वरच्या बाजूस असलेल्या इंदिरा सागर प्रकल्पातून पाणी सोडले गेले, पात्रातील पातळी अचानक वाढली आणि साठहून अधिक लोक वाहून गेले. पावसाळा नव्हता, अतिवृष्टी नव्हती. सोडलेले पाणी मोजता येण्याजोगे होते आणि यात्रेची तिथीही पंचांगात आधीपासून होती. या दोन गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी मांडलेल्या असत्या, तर ही हानी टळण्याची मोठी शक्यता होती.

म्हणून नदीकाठच्या निर्णयपत्रकात केवळ पर्जन्य आणि पातळी पुरेशी नाही. यात्रा, आठवडी बाजार, पात्रातील कलिंगड-काकडीची लागवड, होड्यांची वाहतूक यांच्या तारखाही त्यात असाव्यात. धरणाखालच्या पात्रात उन्हाळ्यातही पाणी अकस्मात वाढू शकते, हे गाळपेर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.

हवेली पद्धती : परंपरेतील निर्णयसाधन

जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या, चिकण जमिनीत ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत होती. शेताच्या चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी साठवले जाई आणि ऑक्टोबरच्या सुमारास, पेरणीच्या थोडे आधी, ते सोडून दिले जाई. जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर गहू आणि हरभरा ओलिताशिवाय येत असे. पाण्याखाली राहिल्याने तणांचाही बंदोबस्त होई. सोयाबीनचा प्रसार आणि कालव्यांचे पाणी आल्यावर ही पद्धत मागे पडली.

पूर व्यवस्थापनाच्या दृष्टीने तिच्यातील एक बाब अभ्यासण्याजोगी आहे. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतातून जाऊनच नाल्यास मिळे. त्यामुळे बांध केव्हा आणि कोणत्या क्रमाने फोडायचा, हे शेजाऱ्यांच्या संमतीनेच ठरवावे लागे. वरच्याने मनास येईल तेव्हा बांध फोडला तर खालच्याचे शेत वाहून जाईल. खालच्याने वाट अडवली तर वरच्याची पेरणी लांबेल. बरगी, तवा आणि बारना यांच्या विसर्गांचा मेळ घालण्याचा प्रश्न मुळात हाच आहे. फक्त बांधाच्या जागी धरण आणि शेताच्या जागी जिल्हा आला आहे. क्रम आधी ठरलेला असावा आणि खालच्यास वेळेवर कळावे, ही दोन्हींतील समान अट होय.

गावाचे निर्णयपत्रक कसे तयार करावे?

पुढील काम उन्हाळ्यात, म्हणजे मे महिन्याच्या आत पूर्ण करावे. पुराच्या रात्री ते होत नाही.

1. गावाची पट्टी निश्चित करा. जवळच्या पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर फूट रंगवा. जुन्या पुरांच्या खुणा वडीलधाऱ्या मंडळींकडून विचारून त्यावर नोंदवा.
2. प्रत्येक ठिकाणाचा आकडा काढा. कितव्या फुटाला नाला उलटतो, रस्ता बंद होतो, मोटारी बुडतात, पहिल्या घरात पाणी येते, हे क्रमाने लिहा. बहुधा रस्ता घरांच्या आधी बंद होतो. तेव्हा स्थलांतराचा आकडा घराच्या पातळीवरून नव्हे, रस्त्याच्या पातळीवरून ठरवावा.
3. लागणारा वेळ लिहा. समजा, रस्ता बुडण्यास तीन फूट बाकी आहेत आणि पाणी तासाला अर्धा फूट चढत आहे. हाती सहा तास आहेत. वस्ती हलवण्यास पाच तास लागत असतील, तर काम आताच सुरू झाले पाहिजे. रात्री हाच वेळ अधिक धरावा. अंधार पडण्याची शक्यता असल्यास निर्णय दिवस मावळण्यापूर्वी घ्यावा.
4. प्रत्येक कामापुढे माणूस लिहा. पातळी कोण वाचणार, दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावर कोण सांगणार, एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे कोण जाणार, ट्रॅक्टर कोणाचा. प्रत्येकास पर्यायी माणूसही ठेवावा.
5. तीन टप्पे ठरवा. तयारी, हालचाल आणि स्थलांतर. पहिल्या टप्प्यात खते, बियाणे व कागदपत्रे उंचावर ठेवणे. दुसऱ्यात मोटारी आणि जनावरे हलवणे. तिसऱ्यात वीजपुरवठा बंद करून माणसे बाहेर काढणे.
6. नंतरचे कामही लिहा. साचलेले पाणी काढण्यासाठी चर, वाहून आलेल्या तणांचा बंदोबस्त, छायाचित्रे आणि पंचनामा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत संरक्षण असलेल्या स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते.
7. दर वर्षी तपासा. पावसाळ्यानंतर कोणता आकडा चुकला, कोणता इशारा उशिरा मिळाला, हे नोंदवून पत्रक सुधारा.

माहितीसाठी केंद्रीय जल आयोगाची पातळी, हवामान विभागाचे रंगानुसार इशारे आणि दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा कृषी-हवामान सल्ला एकत्र पाहावा. जबलपूर येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, तसेच आपल्या भागातील कृषी विद्यापीठ व कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून हा सल्ला मिळू शकतो.

साधनांच्या मर्यादा

जुन्या नोंदींवर बेतलेले वक्र आणि पूररेषा पावसाची तऱ्हा बदलल्यास अपुऱ्या पडू शकतात. पात्रातील गाळ, पुलांचे भराव आणि काठावरील बांधकामे यांमुळे त्याच विसर्गास पातळी पूर्वीपेक्षा अधिक चढू शकते. कोणतेही प्रतिमान धरणाखालच्या सर्व ओढ्यांचे पाणी अचूक पकडत नाही. म्हणून साधनाचे उत्तर अंतिम मानू नये; त्यात थोडी सुरक्षित मोकळीक धरावी. मात्र ते अपूर्ण आहे म्हणून ते वापरायचेच नाही, हाही उपाय नव्हे. साधनाशिवाय घेतलेला निर्णयदेखील एका अंदाजावरच उभा असतो. फक्त तो अंदाज कोणी तपासलेला नसतो.

समारोप

नर्मदाकाठच्या या अभ्यासातून एक सूत्र हाती येते : आकडा आधी ठरवा, त्या आकड्यापुढे कृती लिहा आणि त्या कृतीपुढे माणसाचे नाव लिहा. धरणावर त्याला नियमवक्र म्हणतात, घाटावर इशारा पातळी म्हणतात, शेतकऱ्याच्या हिशेबात ते खर्च-नुकसानीचे गुणोत्तर असते आणि हवेलीच्या बांधावर ती शेजाऱ्यांमधील समजूत होती. पाणी चढू लागल्यावर विचार करण्यास वेळ उरत नाही. तेव्हा आधी केलेला विचारच उपयोगी पडतो. पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गावाने असे एक पानी निर्णयपत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, हीच या पाठाची अपेक्षा.